रात्री साडेबारानंतरचा विनोद



नाटक रंगभूमीवर पडले, तरी नाटककाराची संहिता मागे उरते. कवीला त्याच्या हयातीत वाचक लाभले नाहीत, तरी पुढच्या एखाद्या पिढीत ते लाभतील अशी आशा बाळगता येते. परंतु लेखनाचा एक प्रकार असाही आहे की, ज्याचे आयुष्य अवघ्या एका रात्रीचे असते. सकाळच्या बातम्यांवरून तो दुपारपर्यंत लिहिला जातो, संध्याकाळी प्रेक्षागृहातील मंडळींपुढे सादर होतो, मध्यरात्रीच्या सुमारास घरोघरी पोहोचतो आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत शिळा होऊन जातो. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा होणाऱ्या विनोदी कार्यक्रमांचे लेखन हा तो प्रकार होय.

कॉनन ओब्रायन यांनी या व्यवसायात सूत्रधार म्हणून सुमारे २८ वर्षे काढली. तत्पूर्वी आठ वर्षे ते मुख्यतः इतरांच्या तोंडी घालावयाचे विनोद लिहीत होते. लेखक आणि नट या दोन्ही नात्यांनी त्यांनी पुष्कळ मिळविले. तथापि, त्यांची कारकीर्द विशेष विचारात घ्यावीशी वाटते, ती त्यांनी एकदा जे सोडून दिले त्यामुळे. मोठ्या गादीवर बसलेल्या माणसाने ती गादी कोणत्या कारणासाठी सोडावी, आणि ती सोडल्यावर त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न केवळ विनोदकारांपुरता मर्यादित नाही. संस्थेच्या छत्राखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो.

प्रथम या कार्यक्रमांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एन. बी. सी. या प्रक्षेपण कंपनीने २७ सप्टेंबर १९५४ रोजी ‘टुनाइट’ हा कार्यक्रम देशभर सुरू केला. स्टीव्ह ॲलन हे त्याचे पहिले सूत्रधार. त्यांच्या काळात जो साचा तयार झाला, तो पुढे सत्तर वर्षे थोड्याफार फरकाने टिकला. सूत्रधार पडद्यापुढे येऊन दिवसभरातील घडामोडींवर उभ्याउभ्या विनोद करतो. मग मेजामागे जाऊन बसतो. शेजारच्या कोचावर पाहुणे येतात. मध्ये एखादे छोटे प्रहसन होते. बाजूला वाद्यवृंद असतो. ॲलन यांच्यानंतर जॅक पार आले आणि १९६२ मध्ये जॉनी कार्सन. कार्सन यांनी ही खुर्ची ३० वर्षे सांभाळली. एवढ्या काळात ती खुर्ची म्हणजे अमेरिकन विनोदाचे जणू सिंहासनच होऊन बसली.

या सिंहासनाला एक युवराजपदही होते. ‘टुनाइट’ रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होई आणि तो संपल्यावर, साडेबारानंतर, ‘लेट नाइट’ नावाचा दुसरा कार्यक्रम लागे. फेब्रुवारी १९८२ पासून तो डेव्हिड लेटरमन करीत असत. रात्री साडेबारानंतर जागे राहणारा प्रेक्षक संख्येने कमी आणि वयाने तरुण. विद्यार्थी, रात्रपाळीचे कामगार आणि ज्यांना झोप येत नाही असे लोक, हाच त्याचा मुख्य भरणा. त्यामुळे येथे विक्षिप्त प्रयोग करण्याची मुभा असे. कार्सन १९९२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा युवराजाला डावलून ती खुर्ची जे लेनो यांना देण्यात आली. लेटरमन दुखावले आणि १९९३ मध्ये सी. बी. एस. या प्रतिस्पर्धी कंपनीकडे निघून गेले. साडेबारानंतरची जागा अशा रीतीने रिकामी झाली, आणि ती एका अशा माणसाला मिळाली की ज्याचे नाव त्या वेळी अमेरिकेत विनोदी लेखकांच्या छोट्या वर्तुळाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते.

ओब्रायन यांचा जन्म १८ एप्रिल १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन या गावी झाला. वडील संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉक्टर, आई वकील आणि घरात सहा भावंडे, त्यांत यांचा क्रमांक तिसरा. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी इतिहास आणि साहित्य यांचा अभ्यास केला आणि प्रबंधासाठी विल्यम फॉकनर व फ्लॅनरी ओकॉनर या दक्षिणेकडील दोन गंभीर लेखकांची निवड केली. तथापि, त्यांचे खरे शिक्षण झाले ते ‘हार्वर्ड लॅम्पून’ या विद्यार्थ्यांच्या विनोदी नियतकालिकात. १८७६ पासून चालत आलेल्या या नियतकालिकाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दोन वेळा आले. एकत्र बसून, एकमेकांच्या कल्पना खोडून काढीत, त्यांत भर घालीत लिहिण्याची सवय तेथे लागली. दूरचित्रवाणीचे विनोदी लेखन हे मूलतः सामुदायिक लेखन असते, हे लक्षात घेता या सवयीचे मोल कळून येते.

१९८५ मध्ये पदवी घेऊन ते लॉस एंजल्सला गेले. ग्रेग डॅनिएल्स या सहाध्यायी लेखकाबरोबर त्यांनी बातम्यांची थट्टा करणाऱ्या एका कार्यक्रमासाठी लेखन केले. त्याच काळात ‘ग्राउंडलिंग्ज’ या मंडळीकडे ते उत्स्फूर्त अभिनयाचे धडे घेत होते. लेखकाने नटाची विद्या शिकावी, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. १९८७ च्या डिसेंबरात त्यांना रात्री उशिराच्या एका नव्या कार्यक्रमात काम मिळाले. तो जेमतेम चार आठवडे चालून बंद पडला. व्यवसायातील पहिला धडा असा स्वस्तात मिळाला: येथे कोणतीही गोष्ट कायमची नसते.

जानेवारी १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाने त्यांना लेखक म्हणून घेतले. दर शनिवारी प्रेक्षकांसमोर थेट होणारा हा प्रहसनांचा कार्यक्रम म्हणजे विनोदी लेखकांची तालीमच होय. आठवड्यात लिहिलेल्या कितीतरी प्रहसनांपैकी थोडीच शनिवारपर्यंत टिकतात. उरलेली केराच्या टोपलीत जातात. त्या वर्षी अमेरिकेत लेखकांचा संप झाला, तेव्हा ओब्रायन यांनी रॉबर्ट स्मायगल आणि बॉब ओडनकर्क या सहकाऱ्यांसह शिकागोच्या रंगमंचावर स्वतःचा कार्यक्रम केला. १९८९ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या लेखकवर्गाला मिळालेल्या एमी पुरस्कारात त्यांचाही वाटा होता. तरीही १९९१ मध्ये ते ही नोकरी सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी स्मायगल यांच्यासह लिहिलेल्या एका विनोदी मालिकेचा नमुनाभाग एकदाच प्रक्षेपित झाला आणि मालिका काही निघाली नाही.

पुढची दोन वर्षे त्यांनी ‘द सिम्पसन्स’ या चलत्-व्यंगचित्रांच्या मालिकेसाठी लिहिले. १४ जानेवारी १९९३ रोजी प्रक्षेपित झालेला ‘मार्ज विरुद्ध मोनोरेल’ हा भाग त्यांच्या लेखणीतून उतरला. एका लहान गावाला अचानक मोठी रक्कम मिळते. रस्त्यांची दुरुस्ती करावी असे एक शहाणी गृहिणी सुचविते. परंतु एक गोडबोल्या विक्रेता नाचत-गात सभेत शिरतो आणि साऱ्या गावाला मोनोरेल विकून निघून जातो. गाडीचा चालक म्हणून नेमला जातो गावातील सर्वांत अजागळ इसम. झुंडीच्या भोळेपणावरचे हे भाष्य आजही त्या मालिकेतील उत्तम भागांत गणले जाते. एका रात्रीत विरणाऱ्या विनोदासाठी जन्म घालविणाऱ्या या लेखकाचे कदाचित सर्वांत टिकाऊ लेखन हेच असावे. आणि पडद्यावर त्यांचा चेहरा तेथे दिसतही नाही.

लेटरमन गेल्यावर नवा सूत्रधार शोधण्याचे काम ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे निर्माते लॉर्न मायकेल्स यांच्याकडे आले. ओब्रायन यांनी नव्या कार्यक्रमाच्या निर्मितीची व लेखनाची बाजू सांभाळावी, असे त्यांच्या मनात होते. ओब्रायन यांना मात्र स्वतःच मेजामागे बसण्याची इच्छा होती. एप्रिल १९९३ मध्ये ‘टुनाइट’च्याच रंगमंचावर त्यांची चाचणी घेण्यात आली आणि तीस वर्षांच्या या उंच, तांबड्या केसांच्या, अनोळखी लेखकाची निवड झाली. दूरचित्रवाणीवर सूत्रधार म्हणून काम केल्याचा कसलाही अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता.

१३ सप्टेंबर १९९३ रोजी पहिला कार्यक्रम झाला. त्याची सुरुवातच एका छोट्या चित्रफितीने झाली. ओब्रायन हसतखेळत कामावर निघाले आहेत आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्यांना एवढेच बजावतो आहे की, लेटरमन यांच्या तोडीचे काम झाले पाहिजे. प्रेक्षकांच्या मनातील शंका आपणच आधी बोलून दाखवायची आणि तिच्यावर हसायचे, ही युक्ती म्हणजे लेखकाची युक्ती होती. परंतु युक्तीने काम भागले नाही. समीक्षकांनी नव्या सूत्रधारावर झोड उठविली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे टॉम शेल्स यांची टीका तर फारच कठोर होती. ओब्रायन यांची चुळबूळ, हातवारे, घाईघाईचे बोलणे, सारेच खटकत होते. प्रेक्षागृहातील रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी कार्यक्रमातील शिकाऊ उमेदवारांना बसवावे लागे. कंपनी कराराची मुदत वाढवी तीही तेरा-तेरा आठवड्यांनी. म्हणजे दर तीन महिन्यांनी शंभरावर माणसांच्या पोटावर टांगती तलवार.

हा काळ ओब्रायन यांनी कसा काढला? याचे उत्तर त्यांच्या लेखकपणात सापडते. नटाचा आधार टाळ्या. त्या बंद झाल्या की त्याचा धीर सुटतो. लेखकाला मात्र कल्पना फेकून देण्याची सवय असते. काल रात्रीचा विनोद पडला, तर आज सकाळी कोऱ्या कागदापुढे पुन्हा बसायचे, एवढेच त्याला ठाऊक असते. प्रमुख लेखक स्मायगल यांच्या नेतृत्वाखालील लेखकवर्गाने लेटरमन यांचे अनुकरण हेतुतः टाळले. लेटरमन यांचा विनोद खऱ्या जगाकडे उपहासाने पाहणारा होता. हा नवा विनोद कल्पित, बालिश आणि स्वप्नासारखा विसंगत होता. सूत्रधार स्वतःलाच हास्यास्पद करी आणि पाहुण्याला मोठेपणा देई. शेजारी बसणारे अँडी रिक्टर आणि गंभीर चेहऱ्याने ढोल वाजविणारे मॅक्स वाइनबर्ग हेही या विनोदाची पात्रे बनले.

एक उदाहरण पाहावे. अंधारात काळे झगे घालून, चेहऱ्यावर खालून उजेड पाडून दोघे जण ‘इ. स. २०००’ मध्ये काय काय घडेल याची अचाट भविष्ये गंभीर स्वरात सांगत. पुढे २००० साल आले आणि निघूनही गेले, तरी ‘इ. स. २०००’ची भविष्यवाणी त्याच नावाने आणि त्याच गांभीर्याने चालू राहिली. विनोद भविष्यावर नव्हताच, तो भविष्य सांगणाऱ्यांच्या आवेशावर होता. त्यामुळे साल उलटल्याने तो अधिकच खुलला.

हळूहळू प्रेक्षक जमू लागले. टॉम शेल्स यांनी १९९६ मध्ये आपले मत बदलल्याचे छापून जाहीर केले. समीक्षकाच्या अंगी असा उमदेपणा क्वचित आढळतो. ओब्रायन यांचे खरे सामर्थ्य प्रेक्षागृहाबाहेर, साध्या माणसांत मिसळून केलेल्या चित्रणांत दिसून आले. एकोणिसाव्या शतकातील नियमांनी आणि पोशाखांत बेसबॉल खेळणाऱ्या हौशी मंडळींकडे ते गेले आणि त्यांच्याबरोबर खेळले. फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षा तार्या हालोनेन यांच्या चेहऱ्याशी आपले साम्य आहे, या निमित्ताने त्यांनी त्या देशाच्या निवडणुकीची थट्टा मांडली आणि २००६ मध्ये तेथे जाऊन हालोनेन यांची भेटही घेतली. अशा प्रसंगी पुढे काय होईल हे लिहून ठेवता येत नाही. लेखक प्रसंग उभा करतो. पुढचे सारे हजरजबाबीपणावर सोडावे लागते. ग्राउंडलिंग्जमधील शिक्षण येथे फळास आले.

२००७ मध्ये ‘लेट नाइट’ला लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लेखकांचा दुसरा मोठा संप सुरू झाला. लेखक नसतील तर हा कार्यक्रम म्हणजे नेमके काय उरते, हे त्या संपाने उघड करून दाखविले. लेखकांखेरीज इतर कर्मचाऱ्यांचे पगार बंद पडू नयेत म्हणून ओब्रायन यांनी ते काही काळ स्वतःच्या खिशातून दिले. २ जानेवारी २००८ रोजी लेखकांविना कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, तेव्हा सूत्रधार दाढी वाढवून आला होता. सांगण्यासारखे काही लिहिलेले नाही, म्हणून तो आपली लग्नाची अंगठी मेजावर गरगर फिरवी आणि ती किती सेकंद फिरते ते मोजी. लोक हसले. परंतु त्या हसण्यात एक सत्य दडलेले होते: तासाभराच्या कार्यक्रमातील किती मोठी पोकळी अनामिक लेखक रोज भरून काढीत असतात, ते या रिकाम्या मेजावर दिसत होते.

आता या कारकिर्दीतील निर्णायक प्रसंगाकडे वळले पाहिजे. २००४ मध्ये, ‘टुनाइट’ला ५० वर्षे पूर्ण होत असताना, एन. बी. सी.ने जाहीर केले की, २००९ मध्ये लेनो पायउतार होतील आणि ओब्रायन त्यांची जागा घेतील. कार्सन यांच्या वेळी झालेला वाद टाळावा, हा हेतू त्यामागे होता. परंतु २००९ उजाडले तेव्हाही लेनो लोकप्रियतेच्या शिखरावर होते. ते दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना रात्री दहा वाजता रोजचा कार्यक्रम देण्यात आला. १ जून २००९ पासून ओब्रायन ‘टुनाइट’च्या खुर्चीवर बसले. त्यासाठी न्यूयॉर्कमधील अनेक सहकारी बिऱ्हाड उचलून, मुलाबाळांसह लॉस एंजल्सला आले होते.

लेनो यांचा दहाचा कार्यक्रम सप्टेंबरात सुरू झाला आणि पडला. त्याचा फटका भलत्यालाच बसला. अमेरिकेत प्रक्षेपण कंपनीचे कार्यक्रम गावोगावची स्थानिक केंद्रे दाखवितात आणि अकराच्या स्थानिक बातम्या हा या केंद्रांच्या उत्पन्नाचा मोठा आधार असतो. दहाच्या कार्यक्रमाला प्रेक्षक नसले, तर बातम्यांनाही ते कमी मिळतात, आणि बातम्यांनंतरच्या ‘टुनाइट’लाही. स्थानिक केंद्रांनी ओरड सुरू केली. इकडे ‘टुनाइट’ही प्रेक्षकसंख्येत लेटरमन यांच्या मागे पडला होता, हेही नमूद केले पाहिजे. नव्या सूत्रधाराला जम बसविण्यास अवधी लागतो, हे १९९३ चा अनुभव सांगत होता. पण साडेअकराच्या जागेवर तेवढा धीर धरण्यास कंपनी तयार नव्हती.

जानेवारी २०१० मध्ये तोडगा सुचविण्यात आला. लेनो यांना ११ वाजून ३५ मिनिटांनी अर्धा तास द्यावा आणि ‘टुनाइट’ १२ वाजून ५ मिनिटांनी सुरू करावा. ओब्रायन यांची खुर्ची, पगार, कार्यक्रमाचे नाव, यांपैकी काहीच जाणार नव्हते. केवळ अर्ध्या तासाचा प्रश्न होता. व्यवहारी माणसाने हे सहज मान्य केले असते.

१२ जानेवारी २०१० रोजी ओब्रायन यांनी एक पत्र प्रसिद्ध केले. ‘पृथ्वीवरील लोकहो’ असे त्याचे गमतीदार संबोधन होते, मजकूर मात्र गंभीर होता. ‘टुनाइट’ या शब्दाचा अर्थ ‘आज रात्री’ असा आहे. बारा वाजून गेल्यावर उद्याचा दिवस लागलेला असतो. आपल्या आधी ज्यांनी हा कार्यक्रम उभा केला, त्यांच्या वारशाची हानी होईल अशा गोष्टीत सहभागी होण्यास त्यांनी नकार दिला. हा बदल झाला असता, तर त्यानंतरचा ‘लेट नाइट’ही आणखी मागे ढकलला गेला असता आणि तेथे आता जिमी फॅलन हा दुसरा तरुण सूत्रधार नुकताच स्थिरावत होता. त्याच्यावर होणारा अन्यायही ओब्रायन यांनी त्या पत्रात बोलून दाखविला.

या नकाराचे मोल कशात आहे, ते नीट पाहिले पाहिजे. हा गरीब माणसाचा त्याग नव्हता. तडजोडीत ओब्रायन यांना कोट्यवधी डॉलर मिळाले. एकूण रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर असल्याचे आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी २० लाख कर्मचाऱ्यांसाठी असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. तेव्हा या प्रसंगाला हौतात्म्याचा रंग देणे योग्य होणार नाही. परंतु पैशाने भरून न येणारी एक गोष्ट ते गमावीत होते. लहानपणापासून ज्या कार्यक्रमाचे स्वप्न पाहिले, जो मिळविण्यासाठी आधी सोळा वर्षे साडेबारानंतर काम केले, तो कार्यक्रम सात महिन्यांत त्यांच्या हातून गेला. खुर्ची टिकविण्यासाठी खुर्चीचा अर्थ घालवावयाचा, की अर्थ टिकविण्यासाठी खुर्ची सोडावयाची, असा हा पेच होता. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला.

२२ जानेवारी २०१० रोजी त्यांचा अखेरचा ‘टुनाइट’ झाला. रागाने बोलण्याची संधी होती. तरीही त्यांनी कंपनीचे वीस वर्षांच्या सहवासाबद्दल आभार मानले आणि तरुण प्रेक्षकांना कळकळीने विनविले की, त्यांनी कडवट होऊ नये; जीवनात प्रत्येकाला जे हवे तेच नेमके मिळते असे नाही, परंतु मनापासून कष्ट करावेत आणि माणसांशी सहृदयतेने वागावे. उपहास हा ज्याचा धंदा, त्याच्या तोंडचे हे शब्द असल्यामुळे ते अनेकांच्या मनात घर करून राहिले.

तडजोडीच्या अटींनुसार काही महिने त्यांना दूरचित्रवाणीवर येण्यास मनाई होती. मग ते रंगमंचावर गेले. ‘दूरचित्रवाणीवर विनोद करण्यास कायद्याने मनाई’ अशा अर्थाचे नाव देऊन त्यांनी एप्रिल २०१० मध्ये ओरेगॉन राज्यातील यूजीन या गावापासून दौरा सुरू केला आणि अमेरिका व कॅनडातील अनेक शहरांतून प्रयोग केले. मनाईचाच विनोद करून त्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना काम मिळवून दिले.

नोव्हेंबर २०१० मध्ये ते टी. बी. एस. या केबल वाहिनीवर आले. येथे दैवाने एक विचित्र खेळ केला. त्या वाहिनीवर जॉर्ज लोपेझ यांचा कार्यक्रम अकरा वाजता होत असे. ओब्रायन आल्यामुळे तो मध्यरात्रीवर ढकलला जाणार होता. जो अन्याय आपल्यावर झाला, तोच आपण दुसऱ्यावर करावा काय, या विचाराने ओब्रायन अडले. लोपेझ यांनी स्वतः दूरध्वनी करून त्यांना येण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी होकार दिला. तरीही लोपेझ यांचा कार्यक्रम ऑगस्ट २०११ मध्ये बंद झाला. वेळेचे घड्याळ एकाच्या बाजूने फिरविले की दुसऱ्याच्या विरुद्ध फिरते, हे कटू सत्य या व्यवसायातून सुटत नाही.

टी. बी. एस.वरील प्रेक्षकवर्ग पूर्वीपेक्षा लहान होता, पण तेथे त्यांना मोकळीक मिळाली. २०१५ मध्ये, अमेरिका आणि क्यूबा यांचे संबंध सुधारू लागताच, ते हवानाला गेले. त्यानंतर आर्मेनिया, कोरिया, हैती असे एकेक देश झाले. या प्रवासचित्रणांत परक्या देशाची टवाळी नसते. भाषा न कळणारा, बाजारात, नृत्यशाळेत, स्वयंपाकघरात गोंधळणारा सहा फुटांहून उंच अमेरिकनच तेथे हास्याचा विषय असतो. १९९३ मधील कठोर टीकाकारांना खटकलेली चुळबूळ आणि हातवारे परभाषेच्या मुलखात संवादाचे साधन ठरले, हा मोठा गमतीदार योगायोग म्हणावा लागेल.

२०१८ मध्ये त्यांनी केव्हाही ऐकता येईल असा ध्वनिमुद्रित कार्यक्रम, म्हणजे ज्याला आता पॉडकास्ट म्हणतात तो, सुरू केला. ‘कॉनन ओब्रायनला मित्र हवा आहे’ अशा अर्थाचे त्याचे नाव. मेज नाही, पडदा नाही, वाद्यवृंद नाही. केवळ दोन-तीन माणसांचे निवांत बोलणे. २४ जून २०२१ रोजी टी. बी. एस.वरील कार्यक्रम त्यांनी थांबविला. २०२४ मध्ये प्रवासाची नवी मालिका आली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी ऑस्कर समारंभाचे सूत्रसंचालन केले आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टन येथे अमेरिकन विनोदासाठी दिला जाणारा मार्क ट्वेन पुरस्कार त्यांना प्रदान झाला.

या अवधीत ज्या सिंहासनासाठी एवढा कलह झाला, त्याचे तेज ओसरत गेले. प्रेक्षक ठरावीक वेळी ठरावीक वाहिनी लावून बसेनासे झाले. रात्रीचा विनोद ते दुसऱ्या दिवशी, तुकड्यातुकड्यांनी, हातातील फोनवर पाहू लागले. लेटरमन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करण्यात येईल, असे सी. बी. एस.ने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. ११ वाजून ३५ मिनिटे की १२ वाजून ५ मिनिटे, हा २०१० मधील वाद आजच्या तरुण श्रोत्याला कदाचित समजणारही नाही.

परंतु म्हणूनच त्या नकाराचा अर्थ आज अधिक स्पष्ट दिसतो. वेळ गेली, खुर्चीचा मान ओसरला, कंपन्यांचे हिशेब बदलले. मागे उरली ती रोज सकाळी सहकाऱ्यांसह कोऱ्या कागदापुढे बसण्याची सवय, स्वतःवर हसण्याची तयारी आणि आपल्याबरोबरच्या माणसांच्या पोटापाण्याची जाणीव. या तीन गोष्टी कोणत्याही कंपनीच्या मालकीच्या नव्हत्या, म्हणून त्या कोणाला काढून घेता आल्या नाहीत. एका रात्रीपुरते जगणारे हजारो विनोद विरून गेले. ते लिहिण्याच्या शिस्तीतून घडलेला माणूस मात्र प्रत्येक नव्या माध्यमात पुन्हा उभा राहू शकला.

नाशवंत कामावर माणसाने एवढे कष्ट का घ्यावेत, याचे उत्तर या कारकिर्दीत असे सापडते. रांधलेले अन्न संध्याकाळपर्यंत संपते, म्हणून कोणी स्वयंपाक वाईट करीत नाही. जेवणाऱ्याची भूक खरी असते आणि करणाऱ्याचा हात रोजच्या करण्याने घडत असतो. रात्री साडेबारानंतर एखाद्या दूरच्या गावी, दिवसभराच्या श्रमाने वा चिंतेने झोप न आलेला कोणी एक माणूस क्षणभर हसला, एवढ्यावर त्या विनोदाचे काम पुरे होते.